रानडुकरांसाठी हलकी सेमी-ऑटो रायफल : निवड, जोडणी, नेम बसवणं (आणि आपल्याकडं काय जमेल)

रेणापूरकर (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

मी रेणापूर तालुक्यातला. नोकरीनिमित्त सहा वर्षं टेक्सासात आहे. दसऱ्याला घरी फोन लावला तर आमचे चुलते, अण्णा, पार कावलेले. काढणीला आलेला अर्धा एकर भुईमूग डुकरांनी एका रात्रीत उकरून टाकला होता. बोलता बोलता म्हणाले, "तू तिकडं डुकरं मारतोस म्हणं. आपोआप भरणारी बंदूक आहे म्हणं. तसली एखादी आपल्याला जमत नाही का?"

फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं हे नव्हतं, म्हणून इथं लिहितो. इथले कायदे इथले, आपले आपले. दोन्हींची गल्लत करू नका.

मी ज्या शेतकऱ्याच्या रानात जातो ते ऑस्टिनपासून तासाभरावर आहे. त्या पट्ट्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊस होऊन गेलेला. बुटाला किलो-किलो चिखल चिकटला आणि मला भरून आलं. आपलीच काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. पीक मका आणि ज्वारी. ज्वारी तिथं जनावरांना घालतात, एवढाच फरक. आणि नासधूस करणारंही तेच. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणलेली पाळीव डुकरं रानात सुटली, पुढं शिकारीसाठी युरोपातून आणलेली रानडुकरं त्यांच्यात मिसळली. आपल्या बालाघाटातलं डुकरू आणि हे, जात एकच.

१ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीनं रानडुकरं मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. पण माझ्यासारखे जे एच-वन-बी व्हिसावर आहेत त्यांनी नीट लक्ष द्या. अमेरिकेच्या संघीय कायद्यानं तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ बाळगताच येत नाही. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एक : तुमच्याकडं एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर. म्हणजे डुकरासाठी परवाना नको, पण बंदुकीला हात लावायला हवा. मी आधी शिकारी-शिक्षणाचा वर्ग केला, परवाना काढला, मग दुकानाची पायरी चढलो. परवान्याची मुदत संपू देऊ नका.

आता सेमी-ऑटोच का? डुकरं कळपानं येतात. पहिली गोळी सुटली की कळप फुटतो, आणि साध्या रायफलीचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा दांडा) हातानं मागंपुढं करेपर्यंत डोळा दुर्बिणीवरून हलतो. सेमी-ऑटोत प्रत्येक गोळीला चाप नव्यानं दाबावाच लागतो. रिकामं काडतूस बाहेर टाकणं आणि दुसरं नळीत भरणं एवढंच काम गोळीमागचा वायू करतो. चाप धरून ठेवला की सुटतच राहते ती ऑटोमॅटिक, ती वेगळी. अण्णांच्या डोक्यात तीच होती.

मी तीन प्रकार पाहिले. पहिला, ब्राउनिंग कंपनीची 'बार' नावाची शिकारी रायफल, १९६७ पासून बाजारात आहे. लाकडी दस्ता, वायूवर चालणारी, सात दातांचा फिरता बोल्ट, वजन तीन किलोच्या थोडं पुढं. हातात घेतली की सोडवत नाही. मात्र ती उघडून साफ करणं मला किचकट वाटलं. दुसरा प्रकार एआर-१० या अमेरिकन रायफलीच्या धाटणीचा, .३०८ काडतुसाचा. दुर्बिणीशिवायच चार किलोकडं जातो. २०२२ मध्ये रुगरनं एसएफएआर नावाची काढली, ती .३०८ असूनही तीन किलोच्या आसपास. तिसरा प्रकार तिच्याच धाकट्या बहिणीच्या, एआर-१५ च्या लहान सांगाड्यात ६.५ ग्रेंडेल काडतूस. मी हा घेतला.

कारण सांगतो. एआर-१५ चं नेहमीचं .२२३ काडतूस म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी, नळीच्या तोंडाशी साधारण १७०० ज्यूल. मोठ्या नराच्या खांद्यावर कूर्चेची ढाल असते, तिथं मला हे कमी वाटतं. .३०८ ची गोळी पावणेदहा ग्रॅमची, ३५०० ज्यूल. पुरून उरते, पण बंदूक जड किंवा धक्का जबर. ग्रेंडेलची गोळी आठ ग्रॅमची, २३०० ज्यूल. दीडशे यार्डांच्या आत डुकराला भरपूर झालं.

बंदुकीचं वजन कुठं कापायचं आणि कुठं अजिबात नाही, हे मी चूक करून शिकलो. विचारलंत तर लिहीन.

बालाघाटी

दादा, छान लिहिलंय. पण अण्णांना आधी हे सांगा, नाहीतर एखादा दलाल गाठेल त्यांना.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणं सेमी-ऑटोमॅटिक रायफल निर्बंधित वर्गात येते. जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळणारा साधा परवाना तिला चालत नाही, विषय थेट केंद्रीय गृहमंत्रालयाकडं जातो. शेतरक्षण हे कारण सांगून ती मिळेल असं कोणी म्हणत असेल तर तो माणूस पैसे खाणार.

शेतरक्षणासाठी कायदा मुळात ठासणीची बंदूक धरून चालतो. शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३ वाचा. पिकाच्या राखणीला ठासणीची पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, आणि तिचीही नळी वीस इंचांपेक्षा कमी नको. रायफलीचा शब्द त्यात नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडं तीनऐवजी दोनच शस्त्रं राहिली, परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. आमच्या बीड जिल्ह्यात २०२५ मध्ये शेकडो परवाने रद्द झाले, त्यामुळं आता नवा अर्ज बारकाईनं तपासला जाणार हे धरूनच चाला. आणि मला विचाराल तर ते बरोबरच आहे. कमरेला लावून लग्नात मिरवायला ज्यांनी परवाने काढले, त्यांच्यामुळं खऱ्या शेतकऱ्याचा अर्ज मागं पडतो. याचा मला मनापासून राग आहे.

शिवाय परवाना बंदुकीचा असतो, डुकराचा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणं शिकार बंद आहे. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दोन्ही आता अनुसूची दोनमध्ये. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते. काळवीट अनुसूची एकमध्ये, त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता, घरी आणायचं नाही.

सुभेदार (निवृत्त)

फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली. रेणापूरकर, तुम्ही ज्याला सेमी-ऑटो म्हणताय तिच्यावर आमची अख्खी पिढी घडली. एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, ७.६२. तुमच्या .३०८ ची सख्खी बहीण. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनायची. वजन साडेचार किलोच्या आसपास. पुढं इन्सास आली ती मॅगझीनशिवाय ४.१५ किलो.

"वायू काम करतो" एवढ्यावर तुम्ही पुढं गेलात. तिथं थांबून सांगा, कारण सेल्फ लोडिंगचं सगळं गणित वायूच्या मापात आहे. एसएलआरला नळीवर गॅस रेग्युलेटरची कडी असायची. उस्ताद शिकवायचे : कडी उघडी ठेवा, एकेक गोळी भरा आणि झाडा. वायू कमी पडतोय तोवर रिकामं काडतूस नीट फेकलं जात नाही. मग कडी फिरवत एकेक घर (खाच) बंद करत या. काडतूस चांगलं फेकायला लागलं की त्यावर आणखी दोन घरं. ही दोन घरं धूळ, चिखल आणि थंडीसाठी. ज्यानं हौसेनं ती दोन घरं वाचवली त्याची रायफल राजस्थानात पहिल्याच आंधीला अडकायची.

तुमच्या रायफलीला असं काही आहे का?

रेणापूरकर (धागाकर्ता)

सुभेदारसाहेब, नमस्कार करतो. माझी चूक नेमकी तिथंच झाली. तुम्ही दोन वर्षांपूर्वी भेटायला हवे होतात.

या रायफलीला नळीवर बारीक स्क्रूचा गॅस ब्लॉक येतो, तुमच्या कडीचंच काम करतो. मी पहिल्यांदा जोडली तेव्हा डोक्यात एकच भूत, हलकी करायची. ॲल्युमिनियमचा सांगाडा, पातळ नळी, पोकळ दस्ता, इथपर्यंत ठीक होतं. मग मी बोल्टला मागंपुढं नेणारा वाहकही हलका घेतला आणि त्यामागचा, त्याचा धक्का झेलणारा बफरही हलका. दोनशे ग्रॅम वाचले. वाहक हलका म्हणून तो जोरात मागं येऊ नये यासाठी वायू कमी केला. रेंजवर, दुपारच्या उन्हात, साफ बंदुकीनं पन्नास गोळ्या बिनतक्रार गेल्या. मी खूश.

फेब्रुवारीतल्या एका रात्री गोठणबिंदूच्या आसपास थंडी. कळप आला. पहिली गोळी एका नराला लागली पण जरा मागं, पोटात. दुसऱ्या गोळीला चाप दाबला तर काहीच नाही. नवं काडतूस नळीत अर्धवट जाऊन अडकलेलं. थंडीनं वंगण घट्ट झालेलं, नळीतली काजळी साचलेली, आणि हलक्या वाहकाला ते काडतूस रेटून बसवायला जोर उरला नव्हता. मी थरथरत्या हातानं ते मोकळं करेपर्यंत नर झुडपात गेला. सकाळी उजाडल्यावर ओढ्याकडेला सापडला. कितीतरी वेळ जिवंत होता हे रक्ताच्या खुणांवरून कळत होतं. त्या जनावराचे हाल माझ्या दोनशे ग्रॅमच्या हौसेपायी झाले. ते मी विसरणार नाही.

त्या आठवड्यात नेहमीच्या वजनाचा वाहक आणि बफर परत बसवला. गॅस तुमच्या उस्तादांच्या पद्धतीनंच लावला : एकेक गोळी, मग काम सुरू झालं त्याच्या पुढं दोन टिचक्या. तेव्हापासून अडकली नाही.

माझा हिशोब आता असा आहे. पुढच्या हाताखालचं आवरण, दस्ता, मॅगझीन, पट्टा यांत वजन कापा. नळी बारीक घेतलीत तर चालेल, कारण शिकारीत तीन-चार गोळ्यांवर काम जात नाही. बारीक नळी तापली की गोळ्या पसरतात, पण ते रेंजवर शंभर गोळ्या झाडणाऱ्याचं दुखणं. मात्र जे भाग हलतात त्यांचं वजन कापू नका. दुर्बिणीच्या पकडीवर पैसे वाचवू नका. आणि वजन कुठं राहतंय ते बघा. दोन हातांच्या मधे तोल असेल तर साडेतीन किलोही हलकं वाटतं, तोंडाशी जड असेल तर तीन किलोनंही खांदा भरून येतो.

माजलगावची

मी कधी लिहीत नाही, पण आज लिहिते. हंगामात मालक ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर असतात. रात्रीची जागल मीच करते, सोबत सासूबाई. पत्र्याचा डबा, टॉर्च आणि फटाके. डुकरं आठ दिवस बिचकली, मग सवय झाली त्यांना.

सासऱ्यांच्या नावावर दुनळी होती. ती मी एकदा, परवाना चालू असताना, त्यांच्यासमोर उडवली होती. खांद्याला काळानिळा डाग पडला. मग हलकी बंदूक बाईमाणसाला बरी असं सगळे म्हणतात ते खरं का? आणि मी उंचीनं कमी आहे, दस्ता खांद्यात बसतच नाही, काखेत जातो.

सुभेदार (निवृत्त)

ताई, हलकी बंदूक उचलायला बरी, उडवायला नाही. काडतूस तेच ठेवून चार किलोची बंदूक तीन किलोची केली, तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशानं वाढते. तुमच्या खांद्याला डाग पडला तो वजनामुळं नाही, दस्ता लांब असल्यामुळं. लांब दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडाच्या हाडावर बसतो, गालही लाकडाला टेकत नाही. मग हाड मार खातं आणि नेमही जातो.

मापायची साधी रीत : रिकामी बंदूक, दोनदा बघून खात्री करायची. दस्त्याचा पाठचा भाग कोपराच्या आतल्या वळणात टेकवा, हात काटकोनात. चापाचं बोट चापावर सहज पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर परवानाधारक कारागिराकडून दस्ता कापून मागं रबराची गादी बसवून घेता येते. घरी करवत लावू नका. नळीला तर कुणाचीच करवत लागता कामा नये, तो गुन्हा आहे.

आमच्याकडं एनसीसीच्या मुली .२२ वर शिकायला येत. दस्ता मापाचा मिळाला की पोरांपेक्षा चांगलं ग्रुपिंग काढायच्या, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लावायच्या. हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

पांढरंसोनं

सगळ्यांचं ऐकलं. जिंतूर तालुका, कापूस आणि तूर. आमच्याकडं डुकरापेक्षा रोह्यांचा ताप जास्त. वीस-वीसचा कळप तुरीचे शेंडे खाऊन जातो. मला सरळ विचारायचंय : टेक्सासातल्या शेतकऱ्याला जे चालतं ते आम्हाला का चालू नये? त्याचं पीक पीक आणि आमचं काय? सेमी-ऑटो द्या, अंधारात अंगाच्या उष्णतेवरून जनावर दाखवणारी थर्मल दुर्बीण द्या, एका हंगामात रान मोकळं होईल. चिडून लिहितोय, पण खोटं लिहीत नाही. गेल्या साली बियाण्याचे पैसेसुद्धा निघाले नाहीत.

रेणापूरकर (धागाकर्ता)

भाऊ, तुमचा राग खोटा नाही. अण्णांच्या आवाजात मी तोच ऐकला. पण मी तिकडं जे बघतो ते सांगतो.

रोही टेक्सासातही आहेत, आपल्याच देशातले. १९२०-३० च्या सुमारास दक्षिण टेक्सासातल्या किंग रँचवर आणून सोडले, आता किनारपट्टीला हजारोंनी आहेत. तिकडचे शिकारी रोह्याला .३००-विन-मॅगसारखी दांडगी काडतुसं वापरतात, कारण कातडं जाड आणि जनावर चिवट. माझी ग्रेंडेल मी रोह्यावर उचलणार नाही. म्हणजे तुमच्या कामाला हलकी रायफल मुळातच अपुरी.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मी जिथं बसतो तिथून पुढचं घर अडीच किलोमीटरवर आहे, मधे टेकाड आहे, आणि रात्री त्या रानात एकही माणूस नसतो. हे मालकानं मला नकाशावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा पहिली गोळी भरली. .३०८ ची गोळी नेम चुकून वर गेली तर चार किलोमीटर जाऊ शकते. साधी .२२ ची गोळीसुद्धा किलोमीटरभराच्या पुढं जाते. आता डोळ्यांसमोर आपलं शिवार आणा. सपाट रान, वितीवितीवर बांध, दर दुसऱ्या आखाड्यावर (शेतातल्या खोपटावर) जागलीला कोणीतरी झोपलेलं. नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीच्या टोळ्या, फडाच्या कडेला त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, कोपीत तान्ही लेकरं. पाचटाच्या भिंतीला गोळी अडत नाही.

थर्मल दुर्बिणीत गरम ते पांढरं दिसतं. दोनशे यार्डांवर वासरू आणि डुकरू मला एकदा सारखंच दिसलं होतं. मी थांबलो, ते हंबरलं, म्हणून वाचलं. चाप दाबायला सोपा झाला की चूकही तेवढीच सोपी होते.

माजलगावची

कोपीचं लिहिलंत ते बरं केलं. आमच्या फडाशेजारी दर साली पंधरा-वीस कोप्या पडतात. रात्री बायका पाण्याला उठतात, अंधारात फिरतात. मला डुकरं जायला हवीत, पण त्या लेकरांच्या डोक्यावरून गोळी गेलेली नको.

तारेत करंट सोडणाऱ्यांबद्दलही कोणीतरी बोला. ते तर बंदुकीहून वाईट. बांधावरून येणाऱ्या माणसाला दिसतसुद्धा नाही.

बालाघाटी

ताई, लाइनचा करंट तारेत सोडणं हा सरळ गुन्हा आहे, माणूस मेला तर सदोष मनुष्यवधापर्यंत जातं. सौर कुंपण वेगळं. त्यात झटका क्षणभराचा, ठोक्याठोक्यानं येतो, जनावर दचकून मागं फिरतं आणि मरत नाही. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभरच हवी, वर ठेवली तर ते खालून घुसतं. आणि तारेखालचं गवत दर आठवड्याला काढा. गवत टेकलं की झटका जमिनीत मुरतो, मग लोक म्हणतात मशीन खराब.

पांढरंसोनं

मी रागात लिहिलं होतं. कोप्यांचा विचार केला नव्हता, आमच्याकडं ऊस कमी म्हणून. पण कापूस वेचायला बाहेरची माणसं येतात, तीही रानातच राहतात. मग शेतकऱ्यानं करायचं काय, तेवढं सांगा. बारा बोअरनं खरंच काम होतं का?

सुभेदार (निवृत्त)

होतं, अंतर राखलं तर. एल.जी. काडतुसातले मोठे छर्रे पस्तीस-चाळीस मीटरच्या आत डुकराला पुरतात. त्यापुढं पसरतात, जनावर जखमी होऊन जातं आणि जखमी डुकरू दुसऱ्या दिवशी गवत कापणाऱ्या बाईवर येतं. छर्रा चुकला तर काही शे मीटरांत पडतो, रायफलीच्या गोळीसारखा किलोमीटर जात नाही. सपाट रानात हाच त्याचा मोठा गुण.

परवानगी हातात असेल तरच पुढचं. मचाण बांधा, दहा-बारा फूट. वरून खाली झाडलेली गोळी किंवा छर्रा मागच्या जमिनीत जातो. जमिनीवर बसून आडवा नेम धरला की पलीकडं काय आहे ते अंधारात कळत नाही. दिवसा मचाणावर बसून कुठल्या दिशेला झाडायचंच नाही ते ठरवा आणि त्या बाजूला आडवी काठी बांधा, म्हणजे रात्री झोपेतही नळी तिकडं वळणार नाही. आम्ही फौजेत हद्दीचे खुंटे ठोकायचो, त्यातलाच प्रकार.

बोल्टची .३१५ गावागावांत आहे हे मला माहीत आहे. .३०३ हे लष्करी काडतूस म्हणून नागरिकांना बंद, त्यामुळं ईशापूरनं त्याच ली-एनफिल्डच्या धाटणीवर .३१५ काढली. बंदूक भरवशाची. पण ती टेकडीच्या पायथ्याशी, मागं डोंगर असताना. सपाटीवर नको.

दहामीटर

मी संभाजीनगरात एअर रायफल नेमबाजी करतो, म्हणून एवढंच विचारतो. रेणापूरकर, नेम बसवण्याचं शीर्षकात आहे पण लिहिलं नाहीत. थर्मलमध्ये कागदावरचा काळा ठिपका दिसतच नसेल, मग झीरो कसं करता, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी कशी आणता?

(आणि बाकीच्यांना विनंती : एअरगननं डुकरं हाकलू नका. २० ज्यूलच्या आतली ४.५ मिलिमीटरची विनापरवाना मिळते म्हणून लोक घेतात. जनावर मरत नाही, छर्रा घेऊन वर्षभर कुजत जगतं, आणि वन्यजीव कायदा तिलाही लागतोच.)

रेणापूरकर (धागाकर्ता)

बरोबर विचारलंत. थर्मलला रंग दिसत नाही, उष्णता दिसते. इथं थंडीत खिशात ठेवायच्या गरम पुड्या मिळतात, फोडल्या की हवा लागून तापतात. मी खोक्याचा पुठ्ठा घेतो, मधोमध रुपयाएवढं भोक पाडतो आणि मागून ती पुडी चिकटवतो. दुर्बिणीत राखाडी पुठ्ठ्यावर चांदणीसारखा पांढरा ठिपका उमटतो. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मला लहानपणी पाटावर बसून बघितलेला निरांजनाचा ठिपका आठवला.

त्याआधीची तयारी मात्र घाई न करता करा. बंदूक रिकामी. दुर्बीण पट्टीवर ठेवून, डोळे मिटून, रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. चित्र पूर्ण दिसलं पाहिजे, मान पुढंमागं करावी लागली तर दुर्बीण सरकवा. डोळा आणि काच यांत चार बोटं अंतर राखा, नाहीतर भुवई फुटते. स्क्रू मापाच्या पान्यानं, कारखान्यानं सांगितलेल्या जोरापर्यंतच. प्रत्येक स्क्रूवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढा, अर्धी स्क्रूवर, अर्धी पकडीवर. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला.

मग पंचवीस यार्ड. या रायफलीत दुर्बीण नळीच्या अडीच इंच वर बसते, म्हणून शंभर यार्डांना नेम बसवायचा असेल तर पंचवीसवर गोळी सव्वा-दीड इंच खाली लागली पाहिजे. नवशिके इथंच फसतात, पंचवीसवर मधोमध लावून घरी जातात. नंतर शंभरावर जायचं. तीन गोळ्या, मग नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं, मग पुढच्या तीन. एका गोळीवरून स्क्रू फिरवायचा नाही, तिघींचा मध्य काढायचा. साध्या दुर्बिणीत बहुधा एक टिचकी म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. काडतूस त्याच बनावटीचं, बदललं की सगळं पहिल्यापासून. शंभरावर बसवली की दोनशेवर माझी गोळी साधारण चार इंच खाली जाते, पण मी रात्री दीडशेपुढं झाडत नाही.

नेम कुठं धरायचा हेही शिकावं लागतं. डुकराचं काळीज हरणापेक्षा पुढं आणि खाली असतं, पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. माझी ती पोटातली गोळी हरणाच्या सवयीनंच गेली होती.

सुभेदार (निवृत्त)

सगळं लावून वजन किती भरतं? काट्यावर ठेवून सांगा.

रेणापूरकर (धागाकर्ता)

आज ठेवली. नुसती रायफल २.७५ किलो. थर्मल पकडीसह ०.९५. दहा गोळ्यांचं भरलेलं मॅगझीन ०.३०. पट्टा आणि छोटी टॉर्च मिळून ०.२५. एकूण सव्वाचार किलो. तुमच्या रिकाम्या इन्साससारखीच झाली की! इतकी कापाकापी करून.

सुभेदार (निवृत्त)

थर्मलच किलोभर खातेय. ठीक आहे, तुमच्या कामाला ती लागते. पट्टा मात्र रुंद घ्या.

माजलगावची

रेणापूरकर दादा, अण्णांचं पुढं काय झालं?

रेणापूरकर (धागाकर्ता)

ताई, काल बोललो. रायफलीचा विषय त्यांनी सोडला. भुईमुगाचे फोटो, सातबारा आणि नुकसानीचा अर्ज वनक्षेत्रपाल कार्यालयात दिला, पंचनामा झाला. कलम ११ च्या परवानगीसाठी शेजारच्या तिघांनी मिळून वेगळा अर्ज केलाय, त्यातल्या एकाकडं चालू परवान्याची बारा बोअर आहे. परवानगीत ज्याचं नाव येईल तोच झाडणार, हे अण्णांना मी दोनदा बजावलं. तोवर हरभऱ्याच्या रानाला सौर कुंपण करतायत, खालची तार वीतभर. बालाघाटी, तुमचं गवताचं मी त्यांना वाचून दाखवलं.

सुभेदारसाहेब, मचाण आंब्यावर बांधलंय, बारा फुटांवर. पूर्वेला वस्ती आहे म्हणून त्या बाजूला बांबू आडवा बांधला. मचाणापासून डुकरं जिथून येतात त्या बांधापर्यंत अण्णांनी पावलं मोजली. चौतीस भरली.